पहिल्याच फटक्यात उभा राहिलेला मंडप

दवाखान्याच्या आवारात, नाव नोंदवायच्या खिडकीसमोर ताटकळणाऱ्या माणसांच्या डोक्यावर ऊन पडते, ही बाब वास्तुकला महाविद्यालयाच्या निदर्शनास आली तेव्हा त्या उन्हाला बरीच वर्षे झाली होती. तरीही महाविद्यालयाने तिची गांभीर्याने दखल घेतली. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी तेथे एक पॅव्हिलियन उभारावे, असे ठरले. मंडप या साध्या शब्दाला विभागात मज्जाव होता. मंडप म्हटले की लोक आत येऊन बसतात, असा पूर्वानुभव होता.

या वर्गात एक मुलगी होती. कॉलेजच्या पटावर तिला चांगले भारदस्त नाव होते, पण घरी तिला छकुली म्हणत. तेवीस वर्षांच्या घोडीला छकुली म्हणू नये, हे तिच्या आत्याला पटवणे कोणाला जमले नव्हते, तेव्हा आपणही छकुलीच म्हणू. गेल्या वर्षी छकुली याच विषयात आपटली होती. ही शेवटची संधी. पास झाली तर एका मोठ्या वास्तुविशारदाच्या कचेरीत तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली होती. नापास झाली तर पाच वर्षे पाण्यात. शिवाय तिचे बाबा पायाची जखम बांधून घ्यायला दर आठवड्याला त्याच खिडकीसमोर, त्याच उन्हात उभे असत. त्यामुळे हा विषय तिला दोन्हीकडून चिकटला होता.

विषय होता पॅरामेट्रिक डिझाइन. यात आकार माणसाने काढायचा नसतो. माणसाने संगणकाला फक्त अटी सांगायच्या, म्हणजे ऊन किती, वारा किती, माणसे किती. मग संगणक जो आकार काढून देईल तो पाहून चकित व्हायचे. त्याआधी हाताने प्रयोग करायचे. लाकूड भिजवायचे, पुठ्ठा पिळायचा, वेत वाकवायचा आणि त्या वस्तूला विचारायचे, बाई गं, तुला काय व्हायचे आहे? हे शिकवणारे सर सरळ रेषेवर दात धरून होते. त्यांच्या घरातले दरवाजेसुद्धा गोल आहेत, अशी वदंता होती. मुले त्यांना वक्राचार्य म्हणत आणि ते त्यांना ठाऊक होते. किंबहुना आवडतही होते.

छकुलीने घरच्या अंगणात पहिला प्रयोग केला. प्लायवुडच्या पातळ पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजत घातल्या, सकाळी वाकवून त्यांच्या कमानी केल्या, कमानी एकमेकींत अडकवून टोके घट्ट बांधली आणि वर घरातला जुना पडदा ताणून बसवला. एवढे करून ती मोडतोडीचे फोटो काढायला कॅमेरा घेऊन बसली. पण मोडतोड होईना. संध्याकाळ झाली, वारा सुटला, तरी तो प्रकार आपला ढिम्म उभा. आत्याने खाली सतरंजी टाकली, मटार सोलायला घेतले आणि सोलता सोलता तिथेच घोरायला लागली. आत्याला अशी झोप लागणे ही घरात दुर्मीळ गोष्ट होती.

छकुली आनंदाने तो मंडप टेम्पोत घालून कॉलेजात घेऊन गेली. वक्राचार्यांनी त्याला एक प्रदक्षिणा घातली.

"हे उभं आहे," ते म्हणाले.

"हो सर."

"कितव्या प्रयत्नात?"

"पहिल्याच."

मागच्या बाकावरून कोणीतरी चुकचुकले. वक्राचार्यांनी चष्मा काढला आणि एखाद्याच्या घरी वाईट बातमी सांगायला गेल्यासारख्या आवाजात विचारले, "मग तू शिकलीस काय?"

मूल्यमापनाच्या निकषांत निम्मे गुण अपयशाला होते आणि छकुलीची ती पाटी कोरी होती. तिच्या शेजारी बसणाऱ्या मुलाचे आजवर काहीही उभे राहिले नव्हते. त्याला सगळे कोसळे म्हणत आणि तो वर्गात पहिला होता. त्याच्या पडलेल्या पुठ्ठ्यांचे प्रदर्शन ग्रंथालयाच्या दारात मांडले होते आणि बघणारी माणसे तिथे आपोआप हळू आवाजात बोलत.

तेव्हा छकुलीने मंडप परत घरी आणला आणि तो मोडायच्या मागे लागली. तिने तो पाण्याने चिंब केला, उन्हात कडकडीत वाळवला, वर विटा रचल्या. करकर वाजला, पण पडला नाही. सरळ करवत चालवावी तर तशी सोय नव्हती, कारण मुद्दाम मोडणे हा शैक्षणिक अप्रामाणिकपणा होता. वस्तूने स्वतःच्या मनाने मोडले पाहिजे, असा दंडक होता. शेवटी तिने आत्याला वर बसायची विनंती केली. आत्या अंगाने भरभक्कम, आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढलेला तिला खपत नसे. पण भाचीच्या शिक्षणाचा प्रश्न होता. ती स्टुलावरून चढली, नीट मांडी घालून बसली आणि वरून शेजारणीशी गप्पा मारू लागली. कमानी थोड्या दबल्या, मग सावरल्या. वरून शेजारचे अंगणही दिसते, अशी आणखी एक सोय त्यातून उघड झाली.

बाबा ओट्यावरून हे सगळे पाहत होते. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते आणि नियमांवर त्यांची निस्सीम श्रद्धा होती. खात्यात असताना त्यांनी नळाला पाणी येणाऱ्या घरांचीही तक्रार-निवारणाची फाइल पूर्ण केल्याशिवाय बंद केली नव्हती. त्यांनी लेकीला समजावले की नापास होण्याची रीत ठरलेली असेल तर त्या रीतीनेच नापास झाले पाहिजे. आपल्या मनाने पास होऊन कसे चालेल? छकुलीला रडूच आले. आपण केलेली एकुलती एक चांगली गोष्ट आपल्याच मुळावर उठली आहे, असे तिला वाटले, आणि ते खरेच होते.

अखेर कोसळे मदतीला धावला. मनाचा मोठा मुलगा. त्याच्याकडे अपयशाचा भरपूर साठा शिल्लक होता, त्यातले काही उत्तम भग्नावशेष त्याने तिला दिले. बदल्यात तू माझा मंडप घे, असे छकुली म्हणाली, तर तो दोन पावले मागे सरकला. हे उभे राहिलेले माझ्याकडे कोणी पाहिले तर काय म्हणतील, असे त्याचे म्हणणे पडले. छकुलीची पाटी भरली. वक्राचार्यांनी तिच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त केले आणि संपूर्ण वर्गाचा संगणकावरचा आकार काढायची जबाबदारी, सुधारणेची संधी म्हणून, तिच्यावर सोपवली.

छकुलीने दवाखान्यात जाऊन ऊन मोजले, माणसे मोजली, म्हाताऱ्यांना किती वेळ उभे राहवते ते बाबांनाच विचारले. सगळ्या अटी संगणकाला सांगितल्या. संगणकाने खूप वेळ विचार करून एक आकार काढला. चार खांब आणि त्यावर एक उतरते छप्पर.

वक्राचार्यांना घाम फुटला. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले. पुन्हा छप्पर. वाऱ्याची अट बदलली, छप्पर. गर्दीची बदलली, जरा लांब छप्पर. रुग्णांच्या मनातली अस्वस्थताही एक अट म्हणून घातली, तर त्याने छपराखाली एक बाक काढून दिला. बाकाकडे बघवेना म्हणून वक्राचार्य खिडकीबाहेर बघत राहिले. मग त्यांनी निदान केले. त्यांच्या मते अटींमध्ये असमतोल झाला होता आणि सावली ही एकच अट बाकीच्या अटींवर दादागिरी करत होती.

पडद्यावर प्रत्येक अटीची एक पट्टी होती आणि पट्टीवर सरकवायचा एक ठिपका. सावलीचा ठिपका त्यांनी छकुलीला थोडा मागे घ्यायला लावला. छप्पर हलकेसे वाकले. आणखी मागे घेतला, तेव्हा त्याला लाटा आल्या. आणखी घेतला तशी भोके पडली, भोकांना पाकळ्या फुटल्या आणि वर्ग खुर्च्या सोडून पडद्याभोवती गोळा झाला. ठिपका शेवटच्या टोकाशी आला तेव्हा छकुलीचे बोट थांबले. तिला बाबांचा पाय दिसत होता. खोटे कशाला बोला, तिला ती कचेरीतली खुर्चीही दिसत होती.

"सर, इथे सावली शून्य होते."

"सावली शून्य होत नाही," वक्राचार्य मृदूपणे म्हणाले. "ती मुक्त होते. सरकव."

तिने ठिपका सरकवला. पडद्यावर असा काही आकार उमलला की सगळ्यांच्या तोंडून एकदम आवाज निघाला. छकुलीच्याही निघाला. तो खरोखरच फार सुंदर होता, आणि तिला त्या सुंदरपणाचा राग आला नाही याचीच तिला नंतर लाज वाटत राहिली.

बांधकाम सुरू झाले. आवारात भिंतीलगत सिमेंटचे जुने बाक होते, ते आधी उखडले, कारण ते सरळ होते. मग रंधा मारलेल्या, वाकवलेल्या, क्रमांक घातलेल्या शेकडो पट्ट्या एकमेकींत गुंफून ते पॅव्हिलियन उभे राहिले. नाजूक होते. हात लावला की थरथरायचे. म्हणून भोवती दोरी बांधून पाटी लावण्यात आली: 'कृपया आत जाऊ नये. रचना अजून शिकत आहे.' रांग जिथून जायची ती जागा आता पॅव्हिलियनची झाली होती, त्यामुळे रांगेने त्याला वळसा घातला आणि ती आणखी लांब झाली. दवाखान्याच्या अधीक्षकांनी एकदाच भीत भीत चौकशी केली की यात सावली कुठे आहे. ती प्रक्रियेत होती, असे त्यांना सांगण्यात आले. अधीक्षकांनाही प्रक्रियेबद्दल आदर होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. सगळे काळ्या कपड्यांत, आणि काळ्या कपड्यांमुळे सगळे घामाघूम. नेमका तोच बाबांचा पाय बांधायचा दिवस. बाबा काठी टेकत रांगेत उभे होते आणि आत्याने त्यांच्या डोक्यावर आपली फुलाफुलांची, एक काडी तुटलेली छत्री धरली होती. पॅव्हिलियनमधून उन्हाच्या पाकळ्या जमिनीवर पडत होत्या. रांगेतली माणसे दोन पाकळ्यांच्या मधल्या पट्टीएवढ्या सावलीत डोके येईल अशा बेताने वाकडी होऊन उभी राहत होती. एक परीक्षक हे पाहून हेलावले. रचना आणि माणूस यांच्यातला हा संवाद आपण कुठेच पाहिला नाही, असे ते म्हणाले, आणि वक्राचार्यांनी विनयाने मान खाली घातली.

मग फोटो काढायची वेळ आली. फोटोवाल्याने कॅमेरा लावला, डोळा लावला, आणि पुन्हा बाजूला केला. त्याला ती छत्री खुपत होती. वक्राचार्यांनी छकुलीकडे पाहिले. गुणांचा तक्ता त्यांच्या हातात होता.

छकुली रांगेपाशी गेली. आपला आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असावा असे तिला वाटले.

"बाबा, पाच मिनिटं जरा तिकडे भिंतीपाशी उभे राहता? फोटो काढतायत."

बाबांनी भिंतीकडे पाहिले. तिथे पूर्वी बाक होता. "तसा नियम असेल तर राहतो की," ते म्हणाले आणि काठी टेकत निघाले.

आत्याने छत्री मिटली. ती जोरात बोलणारी बाई, पण या वेळी तिने आवाज चढवला नाही. "छकुले, तू अंगणात जे केलं होतंस ना, त्याच्याखाली मला झोप लागली होती गं," ती म्हणाली. "मी आपली जगाला सांगत फिरले, आमची पोरगी हे शिकते म्हणून."

पाच मिनिटांचा अर्धा तास झाला, कारण फोटोवाल्याला उन्हाच्या पाकळ्या नेमक्या जागी हव्या होत्या. बाबा भिंतीला टेकून उभे राहिले, मग टेकून वाकले, मग तिथेच तापलेल्या जमिनीवर बसले. छकुलीला ते दिसत होते. धावत जावे असे तिला फार वाटले, आणि ती फोटो संपेपर्यंत जागची हलली नाही.

ती विशेष प्रावीण्याने पास झाली.

कचेरीतली खुर्ची मिळाली. काम चांगले आहे. अजून न बांधलेल्या इमारतींच्या चित्रांत ती माणसे बसवते; बसवते म्हणजे उभी करते. ही माणसे हसतमुख असतात, त्यांना घाम येत नाही आणि त्यांचे पाय कधी दुखत नाहीत. एकदा तिने एका चित्राच्या कोपऱ्यात काठी टेकलेला एक म्हातारा आणि छत्रीवाली बाई घातली होती. वरिष्ठांनी विचारले, ही कुठून आली? तिने ती काढून टाकली. अंगणातला मंडप अजून उभा आहे. सुट्टीच्या दिवशी बाबा त्याखाली पाय लांब करून बसतात, आणि आपण बसलो म्हणून लेकीला वाईट वाटू नये अशा बेताने, ती आली की उठतात.

पॅव्हिलियन पुढच्या वाऱ्यात शिकता शिकता आडवे झाले. पण त्याचा फोटो दवाखान्याने चांगला मोठा करून, चौकटीत घालून, नाव नोंदवायच्या खिडकीशेजारी लावला आहे. त्यात माणूस एकही नाही. रांगेतली माणसे उन्हात उभी राहून तो पाहतात आणि छान आहे म्हणतात.

तुम्हालाही तो आवडला होता. परीक्षेच्या त्या दिवशी रांगेत तुम्ही बाबांच्या मागेच होतात, आणि ते भिंतीकडे निघाले तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत एक पाऊल पुढे सरकून तुम्हीच फोटोवाल्याला विचारले होते, "मलाही पाठवाल का हो एक फोटो?"