साडेनऊ इंच

शहराची खरी संस्कृती त्याच्या पायऱ्यांवरून कळते, असे आबा सोनवणे यांचे मत होते. हे मत त्यांनी मला प्रथम ऐकवले तेव्हा ते बँकेच्या दारात गुडघे टेकून उंबऱ्याला मोजपट्टी लावत होते आणि त्यांच्या मागे आत जाणारी माणसे खोळंबली होती. एकाने विचारले, "आबा, काही हरवलं का?"

"काही नही. सात इंच शे," आबा म्हणाले आणि बाजूला झाले.

आबा धुळ्यात आमच्याच गल्लीत, माझ्यापासून तिसऱ्या घरात राहायचे. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्तीनंतर खाते सुटले, मोजपट्टी सुटली नाही. घडीची पिवळी लाकडी पट्टी सदऱ्याच्या खिशात आणि खडूचा तुकडा कानामागे. मोजलेल्या प्रत्येक पायरीवर ते आकडा लिहून ठेवत. "लांब", "उंच", "जवळच" असले शब्द त्यांना खपत नसत. कोणी म्हणाले, जामनेर फार लांब पडते, की आबा म्हणत, "मापमा सांग, भाऊ." एका लग्नात वरपक्षातल्या कोणीतरी मुलगी जरा ठेंगणी असल्याची कुरबुर केली, तेव्हा आबांनी खिशात हात घातला. त्यांना दोघांनी धरून पंगतीला नेऊन बसवले.

माझ्यावर त्यांची विशेष मर्जी होती. मी घरापुढे नवा ओटा बांधला त्या दिवसापासून माझ्या पायरीवर दर सोमवारी खडूने "साडेनऊ" लिहिलेले सापडे. मी पुसत असे. "साडेसहाना वर पाय रडस, सर," ते म्हणायचे. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायचो. रडणाऱ्या पायांची दखल घेणे माझ्या विषयात येत नव्हते.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला युरोपातल्या एका विद्यापीठाचे चार विद्यार्थी सहा आठवड्यांसाठी धुळ्यात यायचे ठरले. शहर म्हाताऱ्यांना, अपंगांना, लेकुरवाळ्यांना, सगळ्यांनाच वापरता यावे आणि पुढच्या पिढ्यांना टिकावे, यासाठी ते फुकट काम करणार होते. गावात स्वागत समिती निघाली. तिचे अध्यक्ष आमच्या गल्लीतले एक वजनदार गृहस्थ. दुभाष्या मी.

दुसऱ्याच दिवशी आबा तीन वह्या छातीशी धरून आले. ओट्यावर चढले नाहीत, खालूनच म्हणाले, "सर, दहा मिनिटं भेट करी द्या. बठ्ठं लिखेल शे, सगळं."

अध्यक्षांच्या कानावर घातले, तर ते म्हणाले, "त्या खडूवाल्याला त्या दिवशी गावाबाहेर ठेवा. पाहुणे काय म्हणतील?"

हे काम मी अंगावर घेतले. आबांना सांगितले की, पाहुण्यांना शिंदखेड्याच्या एसटी स्टँडची मापे तातडीने हवी आहेत आणि ती तुमच्याशिवाय कोण घेणार. थाप मारताना माझा आवाज इतका आदरयुक्त होता की मला स्वतःचेच कौतुक वाटले. आबा क्षणभर घराकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "सकाळनी गाडीमा जास. शेजारनीले सांगी ठेवस." शेजारणीला काय सांगायचे आहे, हे मी विचारले नाही.

स्वागत समारंभ सतरा पायऱ्या चढून जायच्या सभागृहात झाला. सर्वांसाठी असलेल्या शहरावर अध्यक्ष पाऊण तास बोलले. मग पाहुण्यांपैकी इंग्रिड नावाच्या मुलीने एकच प्रश्न विचारला: गावातल्या रस्त्यांवरचे अडथळे आजवर कोणी मोजले आहेत का? असतील तर आमचा निम्मा वेळ वाचेल.

मी मराठी केले. अध्यक्ष म्हणाले, "असलं काम इथं अजून कोणी केलेलं नाही." मी इंग्रजी केले. भाषांतर अगदी अचूक होते.

संध्याकाळी आबा परतले. अंगावर धूळ, हातात एक कागद. शिंदखेड्याचा स्टँड पेन्सिलीने काढलेला, पायरीन् पायरी आकड्यांसह. "एक पायरी फुटेल शे, ती दोनदा मोजी," ते म्हणाले. मग हळूच विचारले, "आपला धुळानं काही विचारं का त्यास्नी?"

"नाही, आबा."

"बरं." ते वळले. त्या सोमवारी माझ्या पायरीवर आकडा लिहिलेला नव्हता. तो नसल्याचे मला दिसले, आणि दिवसभर दिसत राहिले.

पाहुण्यांनी पाच आठवडे गल्ल्या मोजल्या. उन्हाने त्यांची नाके सोलली. आमच्या गल्लीत आले तेव्हा आबांनी त्यांना माठातले पाणी दिले आणि त्यांची टेप जिथे सैल पडली होती तिथे बोटाने दाबून धरली. वह्यांबद्दल अक्षर काढले नाही. दुभाष्या शेजारी उभा होता, त्यानेही काढले नाही.

शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेलो. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. आत अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, खुर्चीत बसल्या होत्या. खुर्ची साधी लाकडी, तिला सायकलची चाके बसवलेली. अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेल्याला चार वर्षे झाली होती. मला माहीत होते, त्या "आजारी असतात" इतकेच.

"या सर," अक्का म्हणाल्या. "यास्ले सांगा काही. भरीतनं वांगं आनतस, ते बियासनं भरेल. यास्ले वांगं मोजता येस, निवडता येत नही."

"ती सोता निवडाले येई म्हनस," आबा खाली पाहत म्हणाले. "म्हनीसन मोजी राहिनू."

शेजारी ठेवलेल्या त्या तिन्ही वह्या मी चाळल्या. गावाची मापे त्यात नव्हतीच. एकच रस्ता होता: या दारापासून भाजीबाजारापर्यंत. एक्केचाळीस अडथळे, ओळीने. पहिल्या ओळीत लिहिले होते: "प्राध्यापकांची पायरी. साडेनऊ इंच. गल्लीत दीड फूट पुढे, समोर विजेचा खांब. खुर्ची जात नाही."

म्हणजे दर सोमवारी तो माणूस माझ्या दारावर अर्जच लिहीत होता, आणि मी तो ओल्या फडक्याने पुसत होतो.

वह्या मी इंग्रिडला नेऊन दिल्या आणि सगळे सांगितले. शिंदखेड्यासकट. ती बराच वेळ पाने उलटत राहिली. देवनागरी आकडे तिला वाचता येत नव्हते, ते मी वाचून दाखवले. "यातला पहिला कोण?" तिने विचारले.

"मी."

तिने त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

दुसऱ्या दिवशी त्या चौघांनी माझी पायरी फोडली. घमेली मी उचलली. आबांनी गुडघे टेकून खांबापर्यंत पट्टी लावली, मग पुन्हा एकदा लावली. "तीन फूट एक इंच," ते म्हणाले. "खुर्ची अडीच शे." आत जाऊन त्यांनी अक्कांना नवे लुगडे नेसायला लावले, त्यांच्या मांडीवर कापडी पिशवी ठेवली आणि खुर्ची बाहेर काढली.

अक्का माझ्या दारावरून पुढे गेल्या. चार वर्षांत पहिल्यांदा. त्या दिवशी त्या क्रमांक दोनपर्यंत पोहोचल्या.

क्रमांक दोन म्हणजे स्वागत समितीच्या अध्यक्षांचा ओटा. उंची अकरा इंच.