वच्छलाबाईंचा आवाज

बीदरकडच्या चिंताकी गावातल्या संग्रहालयात पहिल्या दिवशी बावीस माणसं आली आणि त्यांतलं एकही पहिल्या खोलीच्या पुढं गेलं नाही.

मांडणी अपूर्वची होती. बीदरचे निवृत्त मुख्याध्यापक अच्युतराव यांचा हा मुलगा अहमदाबादेत चार वर्षं राहून एकच गोष्ट शिकून आला होता : संग्रहालयात माणसानं वस्तू नुसती बघू नये, वस्तूनं त्याच्याशी बोललं पाहिजे. हणमंतरावांनी गावातली आपली रिकामी इमारत आणि तीन पिढ्यांची औतंभांडी संग्रहालयाला दिली, तेव्हा अपूर्वनं त्यांना दोन तास नकाशे दाखवले. यातलं आपल्याला काही समजलं नाही, पण एवढा शिकून करायलास म्हणजे बरोबरच असंल, असं हणमंतराव शेवटी म्हणाले. अपूर्वला ही दाद वाटली.

पहिली खोली म्हणजे घर. चुलीपुढं हिरवं लुगडं नेसलेली फायबरची म्हातारी, चुलीत लाल दिवा, समोर घोंगडी. दारात कुणी आलं की सेन्सरला कळायचं आणि म्हातारी बोलायची, "या, आत या. उन्हाचं आलाव. बसा, च्या टाकते."

आवाज गावातल्याच वच्छलाबाईंचा. रेकॉर्डिंगच्या वेळी हे वाक्य म्हणून झालं की त्या दर वेळी खरोखरच उठून चहा टाकायच्या. अपूर्व त्या दिवशी सहा कप चहा प्यायला, पण त्यावरून त्याला काही म्हणता काही सुचलं नाही.

लोक या खोलीत चार मिनिटं थांबतील, असा त्याचा हिशेब होता. तासाभरानं त्यानं पाहिलं तर सरासरी चाळीस मिनिटांवर गेली होती. त्यानं लगेच तो आकडा अहमदाबादच्या सरांना कळवला. तेवढ्यात राखणदार तिप्पण्णा आला आणि या लोकांचं आता काय करायचं म्हणून विचारू लागला.

"बसू दे की. रमलेत ते," अपूर्व म्हणाला.

"रमले न्हाईत, सर. च्याची वाट बघायलेत."

अपूर्वनं दारातून डोकावून पाहिलं. घोंगडीवर माणसं मांडी घालून शिस्तीत बसली होती. समोर पुतळा आहे हे सगळ्यांना दिसत होतं, पण आवाज वच्छलाबाईंचा होता. त्या अर्थी त्या आत कुठंतरी असणार, आणि त्यांनी बसा म्हटल्यावर चहा न घेता उठणं बरं दिसलं नसतं. कुणी नवीन आलं की म्हातारी पुन्हा बोलायची आणि बसलेली माणसं सरकून जागा द्यायची. "मघाधरनं टाकते टाकतेच म्हणायली," एक म्हातारा शेजाऱ्याला हळू आवाजात म्हणाला, "घरात दूध न्हाई वाटतं."

दुसऱ्या दिवशी अपूर्वनं चहाचं वाक्य काढून टाकलं. आता म्हातारी नुसतीच "या, बसा" म्हणू लागली. त्यानं काम आणखी बिघडलं. बोलवून बसवते आणि साधं चहाचं विचारत नाही, अशी कुजबुज सुरू झाली आणि दोन बायका रागानं उठून घरी गेल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं पाटी लावली, मराठीत आणि कन्नडमध्ये, ठळक अक्षरांत : ही प्रतिकृती आहे. येथे चहा मिळणार नाही.

पाटी लागल्यावर अर्ध्या तासात वच्छलाबाई आल्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पाटीवर काय आहे ते गावानं त्यांना घरी जाऊन सांगितलं होतं.

"बाळा, तोंड माझं घेतलास," त्या शांतपणे म्हणाल्या, "अन् माझ्या तोंडानं माणसं बलिवतूस अन् कोरडी लावून देतूस. गावात मी कसं फिरू?"

अपूर्वनं सेन्सर, अभ्यागत, संवाद असं बरंच सांगितलं. ते ऐकता ऐकता वच्छलाबाईंनी चुलीत हात घालून बघितला आणि तिप्पण्णाला घरची गॅसची शेगडी आणायला पाठवलं. फायबरची म्हातारी नांगरांच्या खोलीत गेली आणि तिच्या जागी वच्छलाबाई बसल्या.

त्या दिवशी पहिल्यांदा माणसं पुढच्या खोलीत गेली. वाट दाखवायला अपूर्वनं जमिनीवर पिवळे बाण काढले होते, ते कुणी पाहिलेसुद्धा नव्हते. वच्छलाबाई मात्र कप हातातून घेता घेता सांगायच्या, "जावा आता, फुडल्या खोलीत तिफण हाय. बघून या." माणसं जायची आणि बघून आल्यावर त्यांना सांगायलाही यायची.

अपूर्वनं आठ दिवस हे सहन केलं. मग कलबुर्गीच्या सरकारी कचेरीतून पाहणीसाठी हर्षिता मॅडम येणार असल्याचं कळलं. अशी आणखी पाच संग्रहालयं व्हायची होती आणि ती त्याला मिळणार की नाही, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. तेवढा एक दिवस पुतळ्याला बसू द्या, म्हणून त्यानं वच्छलाबाईंची मनधरणी केली.

"कामून? त्या बाईला च्या चालत न्हाई का?"

मॅडम आल्या. वीस मिनिटांत सगळं दाखवा, पुढं औरादला मीटिंग आहे, असं त्यांनी दारातच सांगितलं. चुलीपुढं वच्छलाबाईच बसल्या होत्या; त्यांनी "या, बसा" म्हटलं आणि मॅडम बसल्या. पहिल्या कपाला त्या कन्नडमध्ये बोलत होत्या, दुसऱ्याला मोडक्या मराठीत, आणि त्यानंतर आपली आजी जवारीच्या कण्या कशा करायची ते हातवारे करून सांगू लागल्या. अपूर्व सेन्सरच्या नियंत्रण पेटीचं झाकण उघडून दारात उभा होता. त्याच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही.

दोन तासांनी मॅडम उठल्या. इतकं जिवंत दालन आपण आजवर पाहिलं नाही, असं म्हणून त्यांनी अपूर्वचा हात हातात घेतला आणि बॅगेतून एक छापील फॉर्म काढून दिला. बाकीच्या पाच ठिकाणी हुबेहूब हेच हवं होतं. तांत्रिक तपशील तेवढा भरून संध्याकाळपर्यंत पाठवायचा होता.

गाडी गेल्यावर अपूर्व घोंगडीवर टेकला. मुख्य साहित्य, उंची, वजन, लागणारी वीज. वीज या रकान्यात त्यानं 'नाही' लिहिलं. वजनाचं विचारायची त्याला हिंमत झाली नाही. तो काय लिहायलाय म्हणून वच्छलाबाईंनी विचारलं, तेव्हा त्यानं खरं ते सांगितलं आणि पुढचा रकाना मोठ्यानं वाचला : देखभाल व बंद राहण्याची वेळ.

वच्छलाबाईंनी क्षणभर विचार केला.

"दुपारी जेवल्यावर घटकाभर निजते," त्या म्हणाल्या, "तेवढं लिव."