दस्तगीर मास्तरांनी थांबवलेला परण्या

नवरदेव घोड्यावर चढला की दस्तगीर मास्तर त्याच्या जवळ जायचे आणि म्हणायचे, "पावणं, अजून वेळ हाय. पळा!" नवरदेव हसायचा, भोवतीचेही हसायचे. मास्तर मात्र हसत नसत. क्लॅरोनेट तोंडाला लावायचे आणि सिनेमाचं जे गाणं चालू असेल ते एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून वाजवायचे.

शिवाजी पेठेत त्यांची-आमची भिंत एक. मास्तर एकटेच. लग्नाच्या बँडवर पोट भरणारा आणि लग्नाच्या नावानं बोटं मोडणारा असा दुसरा इसम कोल्हापुरात नसावा. सकाळी मी रेडिओ लावला की भिंतीपलीकडून आवाज यायचा, "मांजर मारतोयस व्हय रं?"

एकदा मी म्हटलं, "मास्तर, अख्खा देश ऐकतो हे गाणं."

"देशाला कान हायत व्हय? भोंगं हायत!"

तरुणपणी ते एका नाटक कंपनीत होते. तिथल्या गायिका मंजुळाबाईंना क्लॅरोनेटची साथ करायचे. बाईंचं नाव निघालं की या माणसाची जीभ मऊ व्हायची. "बाई तान घेऊन वळायच्या, मी मागनं जायचो. फुडं जायाची हिंमत न्हाई केली कधी."

पुढे कंपनी मोडली. बाई थोडे दिवस इथल्या सिनेमात गायल्या. मग सिनेमा मुंबईला गेला, बाईंचा आवाज बसला आणि मास्तर बँडात आले. "गाण्यातनं उठलो आणि घोड्याच्या फुडं आलो," म्हणायचे. "घोड्याचं तरी लाड हुत्यात."

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातही बँड त्यांचाच. लग्न लागण्याआधी नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीच्या देवळाकडे निघाला. पोरं घामाघूम होऊन नाचत होती. एका गल्लीत, पत्र्याच्या सज्जाखाली, मास्तरांनी हात वर केला. ढोल थांबला. आणि त्यांनी एकट्यानं एक जुनं नाट्यपद काढलं, अगदी सावकाश. असं वाजवताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं.

"ओ मास्तर, मयत हाय व्हय?" कुणीतरी ओरडलं.

आमचे मामा करवादले, "मुहूर्त टळतोय की!"

मास्तरांचे डोळे मिटलेले. पोरांनी आधी शिट्ट्या मारल्या, मग एकानं त्यांच्या खांद्याला हिसडा दिला. क्लॅरोनेट दातांवर आदळलं. दाढीवर रक्त ओघळलं. ट्रम्पेटवाल्यानं घाईघाईनं सिनेमाचं गाणं धरलं आणि परण्या पुढे सरकला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. वरचे पुढचे दात गेले होते. त्या दातांशिवाय क्लॅरोनेट धरता येत नाही, हे त्यांनी मला दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं सांगितलं.

"पण तिथंच का थांबलात, मास्तर?"

"बाई ऱ्हात्यात त्या घरात. हातरुणाला खिळल्यात. आता काय उठत न्हाईत."

"ऐकलं का त्यांनी?"

"ऐकलं की! सकाळी त्यांची भाची येऊन गेली. बाई म्हणाल्या म्हणं, अंतऱ्यात श्वास तुटला त्याचा." फुटक्या ओठांनी मास्तर हसले. "बराबर हाय. तुटलाच हुता."

"कोण वाजवतंय, हे नाही विचारलं?"

"इचारलं की. त्यासाठीच धाडलं हुतं पोरीला." मास्तरांनी फडक्यानं ओठ टिपला. "म्हटलं, सांग जा, बँडवाला हुता कोणतरी."

"अहो, असं का?"

"मी कुठं येऊन पोचलोय, ते बाईंना कशाला कळाय पायजे?"

मी उठलो. इतक्या वर्षांत या माणसानं आमच्या घरचा चहासुद्धा कधी घेतला नव्हता. दारापर्यंत आलो, तेव्हा मागून हाक आली.

"नव्या सूनबाईला म्हणावं, आज भात जरा मऊ लाव. आणि माणूसभर जास्तीचा टाक."