गाचांजा यांचा दुसरा जन्म

आपलं एकही भाकीत आजवर खोटं ठरलेलं नाही, असं न्दिरितू छातीठोकपणे सांगायचा. बायकोला पाचवा महिना लागला तेव्हा सोनोग्राफीवाल्या बाई म्हणाल्या, "मुलगा वाटतोय. पण बाळानं पाय आवळलेत, मधे नाळही दिसतेय. आमचंही चुकतं कधीकधी. महिनाभरानं पुन्हा या." यातले पहिले दोनच शब्द ऐकून गडी बाहेर पळाला आणि त्यानं सासऱ्यांना फोन लावला.

"बाबा, तुम्ही येताय! नक्की!"

किकुयू लोकांत रीतच अशी: पहिल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं आणि पहिल्या मुलीला बापाच्या आईचं. ज्याचं नाव मिळालं, तो माणूसच पुन्हा जन्मला असं समजायचं. न्दिरितूचा थोरला म्वानिकी आजोबांचं नाव लावून मोकळा झाला होता. म्हणजे आता पाळी सासऱ्यांची. म्हाताऱ्या गाचांजांना चार मुली. तिघींना एकेक मुलगा होऊन पुढे नुसत्या मुलीच. सत्तरी उलटली तरी आपलं नाव कुठे लागलं नाही, हे त्यांना फार लागायचं.

दुसऱ्याच दिवशी म्हातारा चांगली कालवड घेऊन दारात हजर! मग दर रविवारी चर्च सुटलं की स्वारी यायची आणि लेकीच्या, वांगेचीच्या, पोटाकडे बघून विचारायची, "मी कसा आहे?"

"वांगेची, मिरची खाऊ नकोस. मला सोसत नाही!"

"जावईबापू, मला चांगल्या शाळेत घाला. मागच्या वेळी राहून गेलं."

वांगेची कावली. "अहो म्वानिकीचे बाबा, एकदा पुन्हा दाखवून येऊ या ना!"

"कशाला? मशीनवर विश्वास नाही तुझा?"

"मशीनवर आहे. तुमच्या कानांवर नाही!"

तो काही गेला नाही. इकडे त्याची आई न्यागुथी आपला नंबर हुकला म्हणून चार महिने फुगून बसली होती.

बाळंतपणाच्या दिवशी न्यागुथी आत लेबर रूमच्या दाराशी, आणि हे सासरे-जावई बाहेर बाकावर. बाळ रडलं. म्हाताऱ्यानं हॅट काढून छातीशी धरली. मुलगा झाला की बायका पाच किलकाऱ्या देतात, मुलगी झाली की तीन.

"एक!" म्हातारा मोजू लागला. "दोन! तीन!"

आत सगळं शांत.

"चौथी कुठंय?"

"आई दम घेत असेल," न्दिरितू म्हणाला.

दार उघडलं. फुगलेली न्यागुथी नाचतच बाहेर आली. "अरे, मी झाले! मी!"

"पुन्हा बघा!" न्दिरितू नर्सवर ओरडला. "सोनोग्राफीत—"

"साहेब, आम्ही डोळ्यांनी बघितलंय!"

म्हाताऱ्यानं आत जाऊन नातीला घेतलं, आणि त्याचे डोळे भरून आले. न्दिरितूला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, कालवड परत आणून देतो."

"राहू दे. पुढं तुझ्या आईला दूध लागेल." म्हाताऱ्यानं बाळाच्या मुठीतून आपला अंगठा हळूच सोडवला. "म्हणजे मी अजून रांगेतच."

"रांग संपली, बाबा!" वांगेची खाटेवरून म्हणाली. "दुकान बंद!"

"नक्की?"

"नक्की!"

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला.

"मग आशा आहे. तुझा नवराही 'नक्की'च म्हणाला होता."