खोकला ऐकू आल्यास

लहान मुले बसलेली असताना मोटारीत धूम्रपान करण्यास बंदी घालावी, असे सरकारच्या मनात आले आणि कायद्याचा मसुदा तयार करण्याचे काम आरोग्य खात्यातल्या एका उपसचिवांकडे सोपवण्यात आले. निवड चोख होती. उपसचिवांना मोटार होती, आठ वर्षांची मुलगी होती आणि सिगारेटचे व्यसन होते. रोज सकाळी या तिन्ही गोष्टी एकत्र घेऊनच ते घराबाहेर पडत. विषयाचा इतका जवळून अभ्यास असलेला दुसरा अधिकारी खात्यात नव्हता.

त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. घरात बायको सिगारेट पेटवू देत नव्हती. जिन्यात पेटवावी तर शेजारच्या आजीबाई दार उघडून नाक दाबून उभ्या राहत आणि सिगारेट संपेपर्यंत हलत नसत. कचेरीत भिंतीभिंतीवर मनाईच्या पाट्या होत्या आणि त्यांतल्या निम्म्या पाट्यांखाली सही त्यांचीच होती. राहता राहिली मोटार. माणसाला श्वास घ्यायला एवढीच काय ती जागा उरली होती. तिथे मागच्या सीटवर दप्तर मांडीवर घेऊन मुलगी बसलेली असे, हा निव्वळ योगायोग. शाळा कचेरीच्या वाटेवर होती, त्याला ते तरी काय करणार?

मुलीला घरात सगळे चिमी म्हणत. चिमीला खोकला होता. डॉक्टरांनी तिची छाती तपासली आणि धुरापासून जपायला सांगितले. उपसचिवांनी गंभीरपणे मान डोलावली आणि त्याच दिवसापासून घरात तळण बंद करून टाकले.

कायद्याची बातमी बायकोच्या कानावर गेली. ती शाळेत शिकवत असे, त्यामुळे तिला सोपे बोलायची वाईट खोड होती.

"अहो, तो कायदा तुमच्याच टेबलावर आलाय म्हणे?"

"आलाय."

"मग एका ओळीचं तर काम आहे. गाडीत मूल असेल तर सिगारेट ओढायची नाही. लिहा आणि द्या की."

"अगं, एका ओळीचा कायदा असतो का कुठे?" उपसचिव हसले. "लोकांना कळेल ना तो!"

तेव्हा रीतसर समिती बसली. पहिल्याच बैठकीत 'मूल' या शब्दावर घोडे अडले. समितीचे अध्यक्ष खुद्द सचिव होते आणि त्यांचे चिरंजीव सतरा वर्षांचे होते. हे चिरंजीव वडिलांची गाडी घेऊन जात आणि तिच्यात बसून सिगारेटी फुंकत. "म्हणजे मूलही तोच आणि ओढणाराही तोच," सचिव हताशपणे म्हणाले. "मग त्याला वाचवायचं की पकडायचं?" बापाचे काळीज पाहून समितीला गहिवरून आले. मुलाचे वय बारावर आणण्यात आले.

त्यानंतर 'मोटार' घेण्यात आली. चारी बाजूंनी बंद असेल तीच मोटार, असे ठरले. काच चार बोटे खाली असेल तर एक बाजू उघडी राहते, सबब ती जागा मोकळ्या हवेत मोडते. एका सभासदाने, बोटे कोणाची, असा मुद्दा काढला. जेवणाच्या सुट्टीनंतर, चालकाची, असा निर्णय झाला.

खरी अडचण पोलिसांनी सांगितली. त्यांचे वरिष्ठ अधिकारी म्हणाले, "धूर जप्त कसा करायचा? पंच गोळा करेपर्यंत मुद्देमाल निघून जातो." आणि इथेच उपसचिवांची हुशारी दिसली. धूर दिसो वा न दिसो, गुन्हा घडतो तो मुलाला त्रास झाल्यावर. आणि त्रास झाला हे खोकल्यावरून कळते. त्यांनी तिथल्या तिथे कलम सांगितले: 'वाहनातील मुलाचा खोकला कर्तव्यावरील पोलिसास स्पष्टपणे ऐकू आल्यास, आणि केवळ तसे झाल्यासच, कारवाई करण्यात येईल.' सचिवांनी उठून त्यांचा हात हातात घेतला. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांनी या कायद्याला मुलांचा आवाज म्हटले.

बायकोने सकाळचा चहा पिता पिता ते कलम दोनदा वाचले. मग तिने चिमीच्या वेणीला रबर लावता लावता तिच्या कानात सांगितले, "हे बघ, बाबांनी सिगारेट पेटवली आणि चौकात पोलीसकाका दिसले ना, की मोठ्यांदा खोकायचं. दाबून धरायचं नाही."

"बाबा रागावेल."

"रागावू देत. कायदा त्यांचाच आहे."

चिमी शहाणी मुलगी. चौक आला, गाडी थांबली, आणि ती पोट धरून अशी खोकली की पलीकडच्या फुटपाथवरचे कुत्रे उठून उभे राहिले. हवालदाराला लपायला जागा उरली नाही. तो आला, गाडीवरची सरकारी पाटी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"साहेब, खोकला ऐकू आला."

"सर्दीचा आहे."

"धुराचा वाटला, साहेब."

"तुम्ही डॉक्टर आहात?"

"नाही साहेब." हवालदार काचेतून आत वाकला. "काय गं बाळ, कशाने खोकलीस?"

"बाबाच्या सिगारेटने."

इतके स्वच्छ उत्तर त्याला सबंध नोकरीत कोणी दिले नव्हते. पण कायद्यात मुलाचा खोकला ऐकण्याची तरतूद होती, बोलणे ऐकण्याची नव्हती. "बोलू नको, बाळ," तो कळवळून म्हणाला, "मला नुसतं खोकल्यापुरतंच बघायचंय."

या प्रकारातून कायद्यातली त्रुटी उघड झाली. खोकला खरा की खोटा, हे कोण ठरवणार? उपसचिवांनी तातडीने दुरुस्ती सुचवली आणि शहरात खोकला तपासणी केंद्र उघडले. संशयित खोकला झालेल्या मुलाला त्याच पालकाने त्याच गाडीतून तिथे हजर करायचे होते. परिस्थितीत फरक पडू नये, एवढाच त्यामागचा शास्त्रीय हेतू.

केंद्राबाहेर गाड्यांची ही रांग लागली होती. आत काय निकाल लागेल या काळजीने प्रत्येक गाडीत एक बाप सिगारेट ओढत होता, आणि मागे मुले आपली पाळी येण्याची वाट बघत होती. चिमीची आई शाळेतून रजा टाकून आली होती. नंबर लागला. तपासणीची खोली थंडगार, हवेशीर, धुतल्यासारखी स्वच्छ. चिमीने आत पाऊल टाकले आणि सबंध छाती भरून श्वास घेतला. तिला ते इतके आवडले की तिने आणखी एकदा घेतला.

"हं, खोक," डॉक्टर म्हणाले.

चिमीने प्रयत्न केला. उचकीसारखे काहीतरी बाहेर आले.

"लाजू नको. खोक."

"येत नाहीये," चिमी म्हणाली.

"इथे कसा येईल, डॉक्टर? इथे धूर कुठाय?" आई म्हणाली.

"बाई, धूर नसताना येतो तो खरा खोकला," डॉक्टरांनी समजावले. "धुरात काय, कोणीही खोकेल."

खोकला बनावट ठरला. एका जबाबदार नागरिकाविरुद्ध खोटा खोकला काढल्याबद्दल चिमीला केंद्रप्रमुखांसमोर उभे करण्यात आले. ती टेबलापेक्षा जेमतेम वीतभर उंच होती. अल्पवयीन असल्यामुळे केवळ समज देऊन सोडत आहोत, पुन्हा असे घडल्यास पालकांना बोलावून घेऊ, असे केंद्रप्रमुखांनी तिला बजावले. पालक शेजारीच उभे होते. त्यांनी तिच्याकडे पाहून दुःखाने मान हलवली.

आईने दुसऱ्याच दिवशी चिमीला शाळेच्या व्हॅनमध्ये बसवले. व्हॅनवाले काका कायदा काटेकोर पाळणारे. काच बरोबर चार बोटे खाली ठेवून ओढत. आठवड्याच्या आत चिमी बाबांच्या गाडीत परत आली. इथे निदान खिडकीजवळची जागा तरी मिळे.

मात्र ती आता खोकत नव्हती. खोकला घशाशी आला की ओठ घट्ट मिटायची, दप्तराचा पट्टा मुठीत आवळायची, डोळ्यांतून पाणी यायचे आणि जायचे. उपसचिव खूश झाले.

"बघितलंस? पोरगी बरी झाली."

"बरी नाही झाली, घाबरलीय ती!" बायकोचा आवाज चढला. "खोकला गिळते ती, अहो. घरी आल्यावर किती वेळ छाती चोळत बसते, ठाऊक आहे? गाडी चालवताना आरशात कधी मागे बघता का तुम्ही?"

"आरसा मागच्या गाड्या बघायला असतो," उपसचिव म्हणाले. वाहतुकीचे नियम ते कधीच मोडत नसत.

चिमी एकटीच नव्हती. केंद्रावरून समज घेऊन आलेल्या मुलांनी वर्गातल्या इतर मुलांना सांगितले आणि गावभर मुले खोकला गिळायला लागली. जी शिकत नव्हती त्यांच्यासाठी शिकवण्या निघाल्या. सुट्टीत खास वर्ग, भावंडांना सवलत, पहिला तास बघायला फुकट. शाळांनीही कौतुक केले. वर्गात इतकी शांतता पूर्वी कधी नव्हती. वर्षअखेर सरकारने आढावा घेतला तर मोटारीतल्या मुलांचा खोकला साफ नाहीसा झालेला. जगात कोणत्याही कायद्याला इतके यश आलेले नव्हते. सिगारेटचा खपही वाढला होता, म्हणजे कोणाच्या पोटावरही पाय आलेला नव्हता.

उपसचिवांचा जाहीर सत्कार झाला. मंत्री म्हणाले, "ज्या देशातली मुलं खोकत नाहीत, त्या देशाची छाती मजबूत असते." मागच्या रांगेत कोणीतरी मोठे माणूस खोकले, पण ते बाराच्या वरचे होते. चिमीला व्यासपीठावर बोलावून फुगा देण्यात आला. तो फुगवून दाखव, असे मात्र सुदैवाने कोणाला सुचले नाही.

घरी परतताना उपसचिवांनी खिशात हात घातला. शेजारी बसलेली बायको म्हणाली, "आज तरी नको हो."

"अगं, आजच तर!" ते म्हणाले आणि त्यांनी सिगारेट पेटवली. काच चार बोटे खाली केली. पुढे चौकात दिवा लाल होता.

चिमीला खोकला आला. नेहमीपेक्षा मोठा आला. तिने ओठ मिटले, पट्टा शोधला, पण आज दप्तर नव्हते, म्हणून दोन्ही हातांनी तोंडच दाबून धरले. चेहरा लाल झाला, मग जांभळट. आईने मागे वळून पाहिले आणि ती ओरडली, "चिमे, खोक! अगं, खोक ना!" चिमीने मान जोरजोरात नकारार्थी हलवली. खोकले तर बाबांना बोलावून घेतील.

हवालदार तोच होता. तो धावत आला, वाकला आणि त्याने काचेच्या फटीला कान लावला. सिगारेटचा धूर त्याच्याच कानात गेला. बराच वेळ त्याने ऐकले.

"गुदमरतेय पोर! दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय, बाई," हवालदार म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पण ऐकू येत नाही."

त्याने सरळ उभे राहून साहेबांना सलाम केला. तेव्हा चिमीच्या आईने दुसऱ्या बाजूला पाहिले, कारण त्या बाजूला शेजारी एक गाडी उभी होती. त्या गाडीत तुम्ही होतात. तुमच्याशी बोलावे म्हणून तिने घाईघाईने आपली काच पूर्ण खाली घेतली. तुम्ही सगळे पाहिले होते, आणि तुम्हाला वाईटही वाटले होते. "काय बाप आहे!" असे तुम्ही म्हणालातसुद्धा, अर्थात शेजारच्या सीटवर ऐकू जाईल इतपतच. मग तिच्या उघड्या काचेतून धूर तुमच्याकडे यायला लागला, म्हणून तुम्ही तुमची काच वर करून घेतलीत. मागे तुमची मुले बसली होती ना.