नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे

भालेराव सर एसटीत चढले की रिकाम्या जागेपाशी उभे राहायचे आणि खिडकीशी बसलेल्या माणसाला विचारायचे, "मी इथं बसू का? नाही म्हणायचा तुम्हाला अधिकार आहे. कारणही सांगायची गरज नाही." शिरूरहून तळेगाव ढमढेऱ्याला जाणाऱ्या गाडीत असं कुणी कुणाला विचारत नाही. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, नाहीतर सरळ अर्धे मांडीवर येऊन बसतात. त्यामुळे तो माणूस आधी सरांकडे बघायचा, मग आपली पिशवी छातीशी धरायचा आणि म्हणायचा, "बसा की." एकदा एक आडदांड गडी खरोखरच "न्हाई" म्हणाला. सर तळेगावापर्यंत उभे गेले. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये ते इतके खुशीत होते की मला वाटलं, मुलगी बघून आले की काय. त्यांचा प्रश्न पहिल्यांदाच कुणीतरी नीट ऐकला होता.

सर आमच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे. मी समाजशास्त्र, तेही तासिका तत्त्वावर. म्हणजे तास झाला की माणूस संपला, उद्याचं उद्या. एका वर्षी माझे निम्मे तास काढून घेतले. ते सांगायला सर आले आणि दारातच थांबले. "एक वाईट बातमी आहे. आत्ता ऐकायची, जेवण झाल्यावर ऐकायची, की ऐकायचीच नाही?" मी जेवण झाल्यावर म्हणालो. सर डबा संपेपर्यंत समोर बसून राहिले. मी शेवटची पोळी अर्धा तास चावत बसलो.

कॉलेजची तपासणी जवळ आली तेव्हा कुणाच्या तरी ध्यानात आलं की आपल्याकडे संशोधन नैतिकता समिती नाही. एका दुपारीत, सरांना धरून, पाच जणांची समिती तयार झाली. तिला जिमखान्याच्या सामानाची खोली मिळाली, त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या संशोधनाची नैतिकता कायम भाले, थाळ्या आणि फाटक्या गाद्यांच्या मधोमध ठरली. पहिल्या बैठकीत चौघांनी विचारलं, सही कुठं करायची. सरांनी विचारलं, वाचायला कधी मिळेल. प्राचार्यांच्या कपाळावर तेव्हा जी आठी पडली ती सर निवृत्त होईपर्यंत गेली नाही.

सर खरंच वाचायचे, सगळं वाचायचे. कुणी वाचून दाखवायला लागलं की डोळे मिटून आधी विचारायचे, "एकूण पानं किती?" आणि मग पान उलटल्याच्या आवाजावर बोटाच्या पेरांवर पानं मोजत बसायचे. वाणिज्य विभागातल्या एका सहकाऱ्यांचा प्रबंध असाच त्यांच्यापुढे आला. सर त्यांना बाजूला घेऊन म्हणाले, "एक विचारू का? तुमच्या मिसेसचं नाव सुनंदा ना? मग शेवटी आभार शैलजाचे का मानलेत? उत्तर द्यायची सक्ती नाही." गृहस्थांनी दुसऱ्याचा ऋणनिर्देशसुद्धा जसाच्या तसा उचलला होता. प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. ते म्हणाले, "भालेराव, आभारच मानलेत ना? शिव्या तर दिल्या नाहीत. करा सही, चहा गार होतोय." सरांनी सही केली नाही आणि चहाही घेतला नाही. बाकीच्या चौघांनी दोन्ही गोष्टी केल्या.

आम्ही सरांना हसायचो. सगळ्यात मोठ्यानं मी हसायचो, कारण माझा प्रबंध अजून त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता.

माझा विषय होता एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या बायका. मांडवगण फराट्याला जाऊन मी मुलाखती घेणार होतो. सरांनी माझ्याकडून संमतीपत्र सात वेळा लिहून घेतलं. त्यातला एकही शब्द म्हातारीला अडता कामा नये, असा त्यांचा हट्ट. खाली एक ओळ, सगळ्यांच्याच संमतीपत्रावर घालायचे ती, त्यांनी स्वतः घातली: "काही वाटलं तर या नंबरवर फोन करा," आणि पुढं स्वतःचा नंबर. मी म्हणालो, "सर, कोण करतंय फोन?" सर म्हणाले, "न करायचाही त्यांना अधिकार आहे."

फोन आला. आयुष्यात पहिल्यांदा त्या ओळीवर कुणीतरी फोन केला होता. सर वर्ग अर्ध्यात सोडून माझ्याकडे धावत आले. फोन ठकूआजींचा होता. एका आठवड्यापूर्वी याच आजी माझ्यापुढे दोन तास बोलल्या होत्या. त्यांचा लेक कुरकुंभला राहतो, तिथल्या कंपनीत शिफ्टला जातो. त्याच्याबद्दल बोलता बोलता त्या एक वाक्य बोलून गेल्या. साधंच, सात-आठ शब्दांचं. पण ते ऐकून माझा पेन थांबला होता. चार वर्षं पुस्तकं चाळून मला जे लिहिता आलं नव्हतं ते त्या शेंगा फोडता फोडता बोलल्या होत्या. ते वाक्य मी इथं देणार नाही.

सरांनी फोन स्पीकरवर टाकला, अर्थात आजींना विचारून. आजी म्हणाल्या, "म्या त्या दिशी लेकाबद्दल वंगाळ बोलले बघा. त्यो वाईट न्हाई. ड्यूटीच तसली हाय. त्येवढं कागदावरनं काढा, सायेब."

"काढतो," सर म्हणाले. "सगळंच काढतो. कारण सांगायची गरज नव्हती, आजी."

"न्हाई कशी? आई हाय म्या त्याची."

मी सरांच्या हातापाया पडायचा तेवढा बाकी राहिलो. नाव बदललंय, गाव बदललंय, कुणाला कळणार, आजींना वाचता येत नाही, लेकाला वेळ नाही आणि प्रबंध तर कुणीच वाचत नाही. सगळा अध्याय त्या एका वाक्यावर उभा आहे, आणि माझी कायमची नोकरी त्या प्रबंधावर. सरांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "नाव बदललं की वाक्य तिचं राहत नाही का?" मुलाखत काढून टाकली, असं मी लिहून दिलं.

त्या उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात शाल घालायला आलेल्या प्राचार्यांना त्यांनी "घाला, माझी हरकत नाही," असं सांगितलं तेव्हा सभागृह हसलं. समितीत त्यांच्या जागी सही कुठं करायची ते विचारणारे एक गृहस्थ आले. मी घरी गेलो, ट्रंकेतून ठकूआजींची मुलाखत काढली आणि प्रबंधात होती तिथं परत घातली. मला फार काही वाटलंही नाही. वाटायला हवं होतं, हे आत्ता लिहिताना कळतंय.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी नेमकं तेच वाक्य मोठ्यानं वाचलं. "याला म्हणतात फील्डवर्क," त्या म्हणाल्या. प्राचार्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डॉक्टर झालो, पुढं कायमही झालो.

पेढे घेऊन तळेगावला सरांकडे गेलो. उंबऱ्यातूनच परत फिरायचं असं ठरवून गेलो होतो, पण त्यांनी विचारलं, "बसता का? सक्ती नाही." बसलो. घरात ते एकटेच. मावशींचा, म्हणजे त्यांच्या पत्नींचा, फोटो भिंतीवर होता. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि त्यांच्याबद्दल सर कधी बोलले नव्हते. पेढा हातात धरून सरांनी विचारलं, "एक विचारू? त्या आजींचं काढलं ना?"

"काढलं," मी म्हणालो. मला एक क्षणही लागला नाही.

सरांनी पेढा खाल्ला. बोटं पुसून ते फोटोकडे वळले. मग बोलले ते कॉलेजातल्या मराठीत नाही. "हिला पुण्याला दवाखान्यात ठेवली हुती. ती म्हणली, आता पुरं, घरी चला. तीनदा म्हणली. म्या म्हणलं, गप पड, तुला काय कळतंय. जो कागद पुढं आला त्याच्यावर म्याच सही केली. नातेवाइकाची सही लागती ना. तिला कुणी इचारलं न्हाई. डॉक्टरनं न्हाई, आन् मीबी न्हाई. नळ्या लावलेल्या, बोलता येत नव्हतं, तवा नुसती मान हलवायची. न्हाई, न्हाई. आन् म्या तिचे हात धरून ठेवायचो."

एसटीतल्या माणसाला, वाणिज्यातल्या त्या गृहस्थांना, आजींना, मला ते का विचारत होते, ते मला तेव्हा समजलं. इतकी वर्षं मी ते खूळ समजून हसत होतो. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"बरं केलंत काढलंत ते," सर डोळे पुसत म्हणाले. "एकीचं तरी ऐकलं गेलं."

मी पेढ्यांचा पुडा तिथंच ठेवून निघालो. फाटकापर्यंत ते पोचवायला आले.

गेल्या महिन्यात मी त्यांना विचारलं, तुमच्यावर लिहू का. त्यांनी रीतसर संमतीपत्र मागवलं. आता डोळे गेल्यात जमा आहेत, म्हणून मी वाचलं आणि त्यांनी बोटानं जागा चाचपून सही केली. मावशींचं लिहू का, हेही विचारलं. "लिहा," म्हणाले, "तिला तर आता विचारता येत न्हाई." अट एकच घातली. छापायच्या आधी सगळं वाचून दाखवायचं.

रविवारी जायचं आहे. मांडवगणलाही जायला हवं. ठकूआजी अजून आहेत, आणि त्यांना काय तोंड दाखवायचं ते मला माहीत नाही. पण आधी तळेगाव. सरांना दिसत नाही. फोनपासून पेढ्यापर्यंतची पानं मी गाळून वाचली तर त्यांना कधीच कळणार नाही, आणि तेवढं करण्याइतका मी निर्ढावलो आहे, हे माझं मला पक्कं ठाऊक आहे. पण वाचायला तोंड उघडायच्या आधी ते डोळे मिटून विचारतील, एकूण पानं किती, आणि पेरांवर बोट ठेवून मोजायला बसतील. तेवढा एक आकडा मला खरा सांगता आला पाहिजे.