शेमू सशाचा गोतावळा

एका जंगलात, मुलांनो, शेमू नावाचा ससा राहायचा. त्याचे आजोबा पॅट्रिक आयर्लंड नावाच्या हिरव्या बेटावरून बटाट्यांच्या पोत्यात बसून आले होते. बटाटे त्यांनी वाटेतच संपवले. घराण्याची शेमूला एवढीच माहिती. शिवाय डावा कान दुमडलेला, तोही आजोबांचाच.

शेमूचं कापशीवर प्रेम होतं. कापशीचंही त्याच्यावर होतं. अडलं होतं ते तिच्या बाबांपाशी. हे तुळाजीराव डोक्यावरचा फेटा झोपेतही काढत नसत.

"घराणं कोणतं?" त्यांनी विचारलं.

"पॅट्रिकचं."

"कोणता पॅट्रिक? पोत्यातून आलेल्यांना आम्ही मुलगी देत नाही. घराणं सिद्ध करा, मग बघू."

कापशी म्हणाली, "अरे, मला तू असाच चालतोस. पळून जाऊ. पळणं तर आपल्याला येतंच की!"

"छे! मी तुला वाजतगाजत नेणार," शेमू म्हणाला. सशांनाही अक्कल उशिराच येते.

तो घुबडशास्त्र्यांकडे गेला. ते म्हणाले, "त्या बेटावर थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवतात. बारा भाऊ असले की बारा घरांत बारा पॅट्रिक. एकटा पॅट्रिक शोधशील तर भलताच आजोबा गळ्यात पडेल. भाऊ, बहिणी, चुलते, सगळा गोतावळा मांड. मग आपला कोणता ते कळेल."

शेमूने बेटावर आमंत्रण धाडलं. जहाज भरून ससे आले. मागून दुसरं जहाज आलं.

वडाखाली पंगत बसली. एका कुटुंबाची एक रांग. आईबाप पुढे, पोरं वयाप्रमाणे मागे.

"पॅट्रिक कोण?" शेमूने विचारलं. अर्धी पंगत उभी राहिली.

"बसा, बसा! ब्रिजिट कोण?" उरलेली अर्धी उभी राहिली.

तेवढ्यात गाजराची कोशिंबीर आली आणि रांगा मोडल्या. शेमूने सगळ्यांना पुन्हा बसवलं. तोवर तिसऱ्या रांगेत एक बाळंतपण झालं.

"नाव काय ठेवलंत?"

"पॅट्रिक!"

शेमूला हसू आवरेना आणि रडूही आवरेना.

कशाबशा रांगा जमल्या. तेव्हा सगळ्यांत म्हाताऱ्या नोराआजीची नजर शेमूच्या कानावर गेली.

"अगं बाई! हा कान आमच्या बापाचा! हा माझ्या पॅट्रिकदादाचा नातू! अरे, राजाच्या बागेतला पहिला कोबी खायचा मान आपल्या घराण्याचा!"

टाळ्या पडल्या. शेमू गिरक्या घेत नाचला. कापशी लाजली. तुळाजीराव तर विरघळलेच.

"उद्याच साखरपुडा!" असं म्हणून ते नोराआजीच्या पाया पडायला वाकले.

फेटा खाली पडला.

आत डावा कान होता. दुमडलेला.

नोराआजीने त्यांना उठवून मिठीच मारली. "हा तर आमच्या धाकट्या थॉमसचा मुलगा! दोघे भाऊ एकाच पोत्यातून गेले होते रे! मग लपवलंस कशाला?"

"पोत्याची लाज वाटली," तुळाजीराव पुटपुटले.

पंगतीने जल्लोष केला. गोतावळा आणखी वाढला होता. शेमू तेवढा बोटांवर नाती मोजत होता.

"म्हणजे कापशी माझी..." शेमू म्हणाला.

"बहीण!" नोराआजीने दोघांचेही मुके घेतले.

कापशीने शेमूकडे पाहिलं. "पळायचं म्हणत होते ना मी... दादा," ती म्हणाली.

पुढे तुळाजीरावांनी तिच्यासाठी नवरा शोधला. अट एकच होती. त्याच्या घराण्याचा कुणाला काहीही पत्ता नसावा.

लग्नात भावाचा मान शेमूला मिळाला. नवरीच्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा असतो. शेमूने कान धरला. सशाचा कान लांब असतो, मुलांनो. शेमू बराच वेळ पिळत होता.

तात्पर्य: आपल्या घराण्याचा शोध जरूर घ्यावा, फक्त आधी लग्न उरकून घ्यावं. तेवढा धीर नसेल, तर निदान सासऱ्याचा फेटा उचलून पाहावा.